शांत ग्राफिक्स कार्ड, गोव्याच्या हवेत: होम थिएटर संगणकासाठी निवड, जोडणी आणि निगा

नाट्यगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणात गायकाने पहिला सूर लावण्याआधी ऑर्गनचा भाता भरतो, तो हलका उसासा ऐकू यावा एवढी खोली शांत असली, की होम थिएटर जमलं म्हणायचं. सिनेमातली कुजबूज, कौलांवरून निथळणारं पाणी, तंबोऱ्याचा विरत जाणारा नाद, हे सगळं याच पातळीवर असतं. टीव्हीखालच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड घरघरत असेल तर नेमकं तेच झाकलं जातं. मोठे आवाज कसेही ऐकू येतात, हरवतात ते लहान.

शांत कार्ड हवं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो बिनपंख्याचं कार्ड घेण्याचा. गोव्यात तो सल्ला डोळे झाकून पाळू नये. कमी वॅटचं, गरजेपेक्षा मोठ्या हीटसिंकचं (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचं) आणि त्यावर सावकाश फिरणाऱ्या पंख्याचं कार्ड इथल्या बहुतेक घरांत जास्त चांगलं चालतं. असं का, ते पुढे येईलच. पण त्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यायला हवा.

कार्ड लागतंच का?

सर्वांत शांत कार्ड म्हणजे न घेतलेलं कार्ड. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरातलं अंगचं ग्राफिक्स एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही पद्धतींनी दाबून साठवलेले व्हिडिओ स्वतः उलगडतं (डिकोड करतं), तेही १० बिटमध्ये, म्हणजे जास्त बारीक रंगछटांसह. सातव्या ते दहाव्या पिढीत एव्ही१ नाही, बाकी दोन आहेत. एएमडीमध्ये रायझन ५०००जी मालिकेत एव्ही१ नाही, तर ७००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत आहे. मॉडेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर मात्र अंगचं ग्राफिक्स नसतं आणि कार्ड घ्यावंच लागतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि तुमच्याकडची सर्वांत जड ४के फाइल लावा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलतोय आणि प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास निवांत आहे, तर उलगडण्याचं काम योग्य जागी चाललंय. आलेख सपाट आणि प्रोसेसर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असेल, तर तो प्रकार तुमच्या ग्राफिक्सला झेपत नाही. अशा वेळी जो आवाज वाढतो तो प्रोसेसरच्या पंख्याचा असतो आणि दोष उगाच दुसऱ्याच कशावर तरी जातो.

दुसरी अडचण मदरबोर्डाच्या मागच्या एचडीएमआयची. जुन्या बोर्डांवर ते १.४ असतं, म्हणजे ४के फक्त ३० हर्ट्झला. प्रोसेसर सक्षम आणि दार अरुंद, अशी ही गत. असं असेल, प्रोसेसर जुना असेल, किंवा पुढे एमपीव्ही अथवा मॅडव्हीआरसारख्या साधनांनी जुनी चित्रं मोठ्या पडद्यासाठी सुधारून बघायची असतील, तर कार्ड घेण्यात अर्थ आहे.

दोन गैरसमजही इथेच दूर करून घ्या. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेची मूळ डिस्क संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलची एसजीएक्स ही सोय लागायची. अशा डिस्कसाठी ती सातव्या ते दहाव्या पिढीतल्या प्रोसेसरांवरच चालायची आणि कुठलंही नवं कार्ड ती उणीव भरून काढत नाही. ओटीटीवरचं ४केसुद्धा कार्डाच्या ताकदीपेक्षा कॉपी-संरक्षणाच्या नियमांवर ठरतं. त्यासाठी एचडीसीपी २.२ची साखळी टीव्हीपर्यंत अखंड हवी, आणि ती असूनही काही सेवा संगणकाला ४के देतच नाहीत. ओटीटी टीव्हीच्या स्वतःच्या ॲपमध्ये बघा. संगणक तुमच्या संग्रहासाठी, यूट्यूबसाठी आणि चांगल्या आवाजासाठी ठेवा.

वॅट आधी, नाव नंतर

कार्डात जेवढे वॅट जातात तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते, आणि ती काढताना होतो तो आवाज. म्हणून यादी वॅटवरून लावायची.

जीटी ७१० आणि जीटी ७३० दुकानांत अजून दिसतात, १९ वॅटचं बिनपंख्याचं ७१० तर मोहात पाडतं. ते घेऊ नका. एचईव्हीसी उलगडायला त्यात काहीच नाही आणि एचडीएमआय १.४चं आहे. जीटी १०३० हे २०१७चं कार्ड ३० वॅटचं, एचडीएमआय २.०बी असलेलं, एचईव्हीसी १० बिट आणि व्हीपी९ला पुरेसं आहे. एव्ही१ त्यात नाही. घेतलंच तर जीडीडीआर५ मेमरीचं घ्या. डीडीआर४वालं २० वॅटचं असलं तरी मेमरी इतकी हळू आहे की चित्र मोठं करताना अडखळतं. खोक्यावर हा फरक बारीक अक्षरांत असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आरएक्स ६४०० ५३ वॅटचं, एचडीएमआय २.१ असलेलं. पण त्यातही एव्ही१ नाही, त्यामुळे नव्याने घ्यायला मन धजत नाही. इंटेल आर्क ए३१० आणि ए३८० दोन्ही ७५ वॅटच्या आतली आहेत, एव्ही१ उलगडतात आणि तयारही करतात. घरात जेलीफिनचा, म्हणजे आपला सिनेमांचा संग्रह घरातल्या इतर पडद्यांना पुरवणारा, सर्व्हर चालवायचा असेल तर ही फार कामाची. त्यांची खोड एकच: काही चालू नसतानाही बरीच वीज खातात. त्यावर उपाय आहे. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एएसपीएम ही वीज वाचवणारी सोय चालू करा, मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालच्या लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटला ‘मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज’वर ठेवा. बायोसमध्ये ही सोयच नसेल तर तुमच्या बोर्डासाठी आर्क बाद समजा.

आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे. त्याला वेगळी वीज-जोडणी लागत नाही, एव्ही१ उलगडतं, एचडीएमआय २.१ आहे आणि बुटक्या (लो-प्रोफाइल) बांधणीतही मिळतं. चित्र सुधारून बघणाऱ्यांना आज हेच सुचवावंसं वाटतं. त्याच नावाचं ८ जीबीवालं मात्र १३० वॅटपर्यंतचं, वेगळी आठ पिनांची जोडणी मागणारं कार्ड आहे. नाव सारखं म्हणून दुकानदाराने तेच पुढे केलं तर नको म्हणा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सिनेमा चालू असताना कार्ड आपल्या कमाल वॅटच्या जवळपासही नसतं. व्हिडिओ उलगडणारा भाग चिपमध्ये वेगळा आणि लहान असतो, बाकीची चिप तेव्हा पेंगत असते. म्हणून ११५ वॅटचं, मोठ्या हीटसिंकचं आरटीएक्स ४०६०सुद्धा सिनेमाभर पंखे बंद ठेवू शकतं. आवाज वाढतो तो गेम खेळताना, मॅडव्हीआर लावल्यावर, किंवा एनव्हिडियाची ‘व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन’ ही सोय वरच्या पायरीवर असताना. ही सोय २०२३ साली आली. यूट्यूबवरचं जुनं चित्र ती छान उजळवते, पण त्यासाठी कार्डाला राबवते. रात्री ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की पंखा सुरू होतो आणि फाइलवरून लावला की होत नाही, असं होत असेल तर पहिल्यांदा ही सोय एका पायरीने खाली आणून बघा.

बिनपंख्याचं की पंख्याचं

हीटसिंक किती गरम होईल हे खोलीच्या तापमानावर चढणाऱ्या अंशांनी ठरतं. परदेशी चाचणीत २१ अंशांच्या खोलीत एखादं बिनपंख्याचं कार्ड ६५ अंशांवर थांबलं, म्हणजे ते ४४ अंश चढलं. मे महिन्यात फोंड्याच्या एखाद्या घरात एसी नसताना खोली ३२ला असते. तेच कार्ड तिथे ७६वर जाईल. ते संगणकाच्या कॅबिनेटमध्ये आहे, कॅबिनेटची आतली हवा खोलीपेक्षा सहा-आठ अंश गरम, ८३. आणि कॅबिनेट बंद दाराच्या टीव्ही युनिटमध्ये असेल तर आणखी सात-आठ. झाले ९०. आता चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, चित्र अडखळतं, शेजारी प्रोसेसरचा पंखा आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा दोन्ही जोरात फिरू लागतात. कार्ड बिचारं गप्प आहे, पण संगणक बोंबलतोय.

बिनपंख्याच्या कार्डाची उष्णता कुठेतरी जावीच लागते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या पंख्यावर पडते.

म्हणून बिनपंख्याचं कार्ड घ्यायचं तर तीन अटी पाळा. वॅट ३०पर्यंतच असावेत. टीव्ही युनिट मागून आणि वरून उघडं असावं. आणि कॅबिनेटमध्ये कार्डाच्या दिशेने वारा देणारा १२० किंवा १४० मिमीचा एक पंखा ५०० ते ६०० आरपीएमवर सतत फिरत असावा. एवढ्या वेगाचा मोठा पंखा दोन मीटरवरून ऐकू येत नाही आणि तेवढ्यानेही कार्ड सहज दहा अंश खाली येतं. शिवाय हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी वर-खाली उघड्या राहतील असं कार्ड बसलं पाहिजे. आडव्या कॅबिनेटमध्ये कार्ड उभं राहतं, तिथे गरम हवा आपोआप वर निघून जाते. उभ्या टॉवरमध्ये हीटसिंक खाली तोंड करून लटकतो आणि गरम हवा पोटाखाली कोंडते.

बिनपंख्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे तो समुद्राचा. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत हवेतलं मीठ आत येतं. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि पावसाळ्यात आपली हवा त्याहून दमट असते. पंखा ही खारट हवा दिवसभर कार्डावरून ओढतो. धूळ आणि मीठ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, स्क्रू गंजतात, बेअरिंग कुरकुरू लागतं. अशा घरात खोली बंद असेल, एसी चालत असेल आणि काम फक्त सिनेमाचं असेल, तर ३० वॅटचं बिनपंख्याचं कार्ड शहाणपणाचं. बाकी सगळीकडे, खास करून खिडक्या उघड्या ठेवून पंख्याखाली बसणाऱ्या घरांत, मोठा हीटसिंक आणि मंद पंखा.

मंद म्हणजे किती, तेही बघू. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे वेगात थोडी काटकसर केली की शांततेत मोठा लाभ. उलट ४० मिमीचा चिमुकला पंखा पुरेशी हवा ढकलायला मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतो आणि डासासारखा कानाशी गुणगुणतो. घर्र आवाजाची कानाला सवय होते, त्या किणकिण्या सुराची होत नाही. त्यामुळे बुटक्या, एका खाचेच्या (स्लॉटच्या) कार्डावर एकच छोटा पंखा दिसला तर कॅबिनेटमध्ये दुसरं काही मावतच नसेल तरच ते घ्या. ८० ते १०० मिमीचा एक किंवा दोन पंखे, दोन खाचांची जाडी, तांब्याच्या निदान एक-दोन हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), असं कार्ड शोधा.

टेपपट्टी घेऊन, मग दुकानात

कॅबिनेट उघडून तीन मापं घ्या. मागच्या पट्टीपासून समोरच्या अडथळ्यापर्यंतची लांबी, खाचेपासून झाकणापर्यंतची उंची, आणि शेजारी किती खाचा मोकळ्या आहेत ते. कार्डाच्या पंख्यासमोर निदान २० मिमी मोकळी जागा हवी. पंखा एसएमपीएसच्या पत्र्याला चिकटून आला तर कितीही चांगलं कार्ड धापा टाकतं. कार्यालयातून निघालेले छोटे डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप होम थिएटरसाठी स्वस्तात मिळतात. त्यांत बुटकं कार्डच बसतं आणि एसएमपीएस बरेचदा १८० ते २६० वॅटचा असतो. तिथे वेगळी वीज-जोडणी न मागणारं, म्हणजे खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत घेणारं कार्ड घ्या. बुटक्या कार्डासोबत खोक्यात आखूड पट्टी आहे ना, ते उघडून बघा. ती नसली तर घरी येऊन हात चोळत बसावं लागतं.

काउंटरवर कार्ड हातात घ्या, कडेने धरा. सोनेरी संपर्कांना बोट लावू नका. पंख्याच्या मधल्या गोलाला बोटाने अलगद फिरवा. चांगला पंखा हळूहळू, न डगमगता थांबतो. जो खरखरतो, किंवा मध्येच अडकतो, तो पुढे आवाज करण्याची शक्यता जास्त. पातं दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघा, टकटक असा खेळ जाणवला तर दुसरं कार्ड मागा. बेअरिंगचा प्रकार लिहिलेला असेल तर साध्या स्लीव्हपेक्षा फ्लुइड डायनॅमिक किंवा ड्युअल बॉल पसंत करा. बॉल बेअरिंग किंचित जास्त बोलतं, पण उष्णतेत आणि कुठल्याही कोनात टिकतं. स्लीव्हमधलं वंगण आपल्या उष्म्यात लवकर सुकतं. ‘झिरो फॅन’ किंवा तशाच नावाची सोय, म्हणजे थंड असताना पंखे पूर्ण थांबणं, असली तर उत्तम. वॉरंटीचं काम पडलं तर कार्ड कुठे पाठवावं लागतं आणि किती दिवस जातात, हे बिल होण्याआधी विचारून घ्या.

टीव्ही ४के ६० हर्ट्झचा असेल तर एचडीएमआय २.० पुरतं. १८ गिगाबिटच्या त्या वाटेने १० बिटचं पूर्ण रंगाचं चित्र ६० हर्ट्झला मावत नाही, पण सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) असतो आणि २४ हर्ट्झला ते आरामात मावतं. १२० हर्ट्झचा टीव्ही आणि गेम, दोन्ही असतील तरच २.१चा आग्रह धरा.

जोडणी

संगणक बंद करा, प्लग काढा, चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. खाचेच्या टोकाची खिट्टी मागे करा, कार्ड दोन्ही टोकांवर सारखा जोर देत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, आणि मग पट्टीचा स्क्रू घट्ट करा. सैल स्क्रू हे किरकिरीचं मोठं कारण आहे: पंख्याचं कंपन पत्र्यात जातं आणि पत्रा ढोलासारखा घुमतो. पत्र्याचं झाकण पातळ असेल तर आतून एक रबरी पट्टी चिकटवा. कॅबिनेटचे पंखे शक्यतो स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्यांवर टांगा, आणि कॅबिनेटखाली जाड रबरी पाय द्या. लाकडी टीव्ही युनिट कंपन उचलून मोठं करतं.

युनिट बंद दारांचं असेल तर सुताराकडून मागच्या फळीला वरच्या बाजूला दोन आणि तळाला दोन अशी ६० मिमीची गोल भोकं पाडून घ्या. कॅबिनेटच्या वर १० सेंमी आणि दोन्ही बाजूंना ५ सेंमी जागा मोकळी सोडा. मागची फळी भिंतीला टेकू देऊ नका. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल येते आणि ती ओल फळी शोषते.

ड्रायव्हर घातल्यावर पहिलं काम पडद्याचा वेग जुळवण्याचं. हे आवाजाशी थेट जोडलेलं नाही, पण इतक्या घरांत ते चुकलेलं असतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमे बहुतांशी २३.९७६ चौकटींचे असतात. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये ‘२३ हर्ट्झ’ लिहिलेलं असतं ते हेच. पडदा नेमका २४वर ठेवला तर दर ४१-४२ सेकंदांनी एक चौकट दोनदा दिसते आणि कॅमेरा सरकताना झटका जाणवतो. आपल्याकडच्या मालिका आणि क्रिकेट यांना ५० हर्ट्झ लागतो. कोडी या प्लेअरमध्ये सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज या वाटेने जाऊन ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा, मग वेग आपोआप बदलतो. एव्ही रिसीव्हर असेल तर ‘अलाउ पासथ्रू’ चालू करा, म्हणजे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचा आवाज न मोडता त्याच्यापर्यंत पोचतो.

पंख्याची चाल बसवणं

‘झिरो फॅन’ असलेल्या कार्डाची आपल्याकडची खास तक्रार अशी की पंखा सारखा सुरू होतो आणि थांबतो. सुरू व्हायची मर्यादा कार्डागणिक साधारण ५० ते ६० अंशांची. थंड देशात सिनेमाभर कार्ड ४० वर राहतं, पंखा जागा होतच नाही. इथे ते ५२-५५ वर रेंगाळतं: पंखा फुर्रकन उठतो, तापमान दोन अंश उतरवतो, झोपतो, मिनिटभराने पुन्हा उठतो. एकसारखा मंद आवाज मेंदू विसरतो, पण उठबस विसरत नाही.

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्ड हाताळायचं सॉफ्टवेअर घ्या (ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं), फॅनच्या टॅबमध्ये स्वतःची चाल, म्हणजे कुठल्या तापमानाला किती वेग ते, चालू करा. पन्नास अंशांपर्यंत सर्वांत कमी वेग, जो बहुतेक एनव्हिडिया कार्डांत ३० टक्के असतो. ६०ला ३५, ७०ला ४५, ८०ला ६५, ८५च्या पुढे १००. हिस्टेरेसिसच्या रकान्यात ५ ते ८ अंश घाला, म्हणजे तापमान तेवढं खाली आल्याशिवाय वेग उतरणार नाही आणि धडपड थांबेल. सगळ्यांत कमी वेगालाही पंखा ऐकू येत असेल तर उलटं करा: शून्याची मर्यादा ठेवा, पण कॅबिनेटचा मोठा पंखा १०० आरपीएमने वाढवून कार्डाला त्या मर्यादेखालीच दाबून धरा. मेमध्ये बसवलेली चाल वर्षभर चालते. जानेवारीत बसवलेली मेमध्ये फसते.

आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी हलत असेल तर ८० टक्क्यांवर आणून बघा. गेममध्ये फरक थोडका पडतो, पंखा मात्र चांगलाच उतरतो. ७५ वॅटच्या आतल्या पुष्कळ कार्डांत ही पट्टी कुलूपबंद असते.

तरी आवाज येतोच आहे

आधी तो कुणाचा ते शोधा. रात्री छताचा पंखा आणि एसी बंद करा, गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेची घट्ट सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं कॅबिनेटपासून चार बोटांवर धरून सावकाश फिरवा. कार्ड, प्रोसेसरचा पंखा, एसएमपीएस, हार्ड डिस्क, प्रत्येकाचा सूर वेगळा येतो. सुरळी आत खुपसू नका, पात्यात अडकते.

पंख्याशी संबंध नसलेली, किड्यासारखी बारीक चिर्रर्र ऐकू आली तर ती कॉइलची. वीज पुरवणाऱ्या वेटोळ्यांतून प्रवाह भराभर बदलला की ती थरथरतात. मेनूचा पडदा सेकंदाला शेकडो चौकटी काढत असेल तर ती सर्वांत जास्त. कार्डाच्या पॅनेलमध्ये चौकटींची कमाल मर्यादा ६० घातली की बहुधा शांत होते. तरीही सिनेमा चालू असताना चिरचिरत असेल तर परतीच्या मुदतीत कार्ड बदलून घ्या, हा दोष वापराने बरा होत नाही.

वीज गेल्यावरच घूं आवाज येतो, तर तो इन्व्हर्टरचा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर छताचा पंखा जसा घुमतो तसाच एसएमपीएसही घुमतो. होम थिएटरची ओळ शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या, आणि यूपीएस खोलीबाहेर ठेवा. त्याचा स्वतःचा पंखा असतो.

संगणकच दुसऱ्या खोलीत ठेवायची कल्पना उत्तम आहे, आणि जाड चिऱ्यांच्या भिंती आवाज छान अडवतात. तांब्याची एचडीएमआय केबल १८ गिगाबिटसाठी तीन ते पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक संगणकाकडे यायला हवं. भिंतीतून ओवताना टोक मावेल एवढा रुंद पाइप टाका आणि केबलला तीक्ष्ण वळण देऊ नका, आतला काचेचा धागा तुटतो.

निगा

वर्षातून दोनदा साफसफाई पुरते: मृग लागण्याआधी एकदा, आणि पाऊस सरल्यावर खंडेनवमीला घरातली यंत्रं पुसली जातातच तेव्हा एकदा. डिचोली, सांखळी, उसगावच्या बाजूला रस्त्यालगत राहणाऱ्यांनी तांबड्या धुळीमुळे तिसरी फेरी उन्हाळ्याच्या तोंडावर करावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो बेलगाम फिरून बेअरिंग खराब होतं. पात्यांवर चिकट थर असेल तर नुसत्या हवेने निघत नाही, मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काढा आणि पूर्ण सुकू द्या.

कार्ड अधूनमधून ओळखलं जात नसेल तर संपर्क काळवंडलेले असतात. दुरुस्तीवाले त्यावर खोडरबर घासतात. पांढऱ्या मऊ रबराने एकदा हलक्या हाताने चालेल, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दर वर्षी घासाल तर तो जाईल. अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने एकाच दिशेने पुसणं बरं. तीन-चार वर्षांनी त्याच कामाला कार्ड आधीपेक्षा आठ-दहा अंश गरम राहू लागलं, तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) बदला. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर मूळ जाडीचेच घाला. जाड पॅड घातला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज तासभर चालला तरी आतली ऊब ओल हाकलते. चवथीला गावी गेल्यावर पाच-सहा दिवस बंद राहणार असेल तर प्लग काढा आणि आल्यावर लगेच सुरू न करता आधी खोलीतला एसी किंवा पंखा तासभर चालवा. मागच्या जाळीवर मुंग्यांची रांग दिसली तर कॅबिनेट उघडूनच बघा, एसएमपीएसच्या उबेत त्या अंडी घालतात. पालही तिथेच शिरते. हवा आत घेणाऱ्या तोंडांवर बारीक नायलॉनची जाळी लावा आणि ती महिन्यातून एकदा धुवा. भरलेली जाळी म्हणजे बंद झडप, आणि मग पंख्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा.